चार वाजताचं रीडिंग

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

निशात आणि जावई शहबाज आज ऊर्जानगरहून येऊन गेले. पोरीने तीन वस्तू आणल्या. आईसाठी ऑक्सिजनचं मशीन, आईच्या बोटाला लावायची चिमटी, आणि माझ्यासाठी टॅब. मशीन गुडघ्याएवढं आहे. दिवसभर घुरघुरतं आणि हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. शमसुन्निसाने नळी लावून घेतली आणि म्हणाली, आता मी बी तुमच्या प्लांटमधली झाली. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही या बाईची मस्करी जात नाही.

चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं धुराने गेली. तिने आयुष्यात विडीला हात लावला नाही. धूर तुसाच्या शेगडीचा. मी धानाच्या तुसावर चालणाऱ्या वीज प्लांटमध्ये बॉयलरवर होतो, तूस फुकट मिळायचं, पोती भरून घरी आणायचो. मूल गावातल्या आमच्या गल्लीत गॅस सगळ्यात शेवटी आमच्याकडे आला. त्याचा तेव्हा मला अभिमान वाटायचा.

निशातने टॅबवर तक्ता करून दिला. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ, अशी रोज चार रीडिंग. चिमटी लावायची, आकडा पाहायचा, तक्त्यात भरायचा. भरलेला आकडा त्या-त्या वेळेला तिकडे तिच्या फोनवर दिसतो. वेळ झाली तरी आकडा भरलेला नसला की टॅब घंटी वाजवतो. आकडा नव्वदच्या खाली गेला तर तिला लगेच फोन करायचा, ती गाडी घेऊन येईल. लाइन गेली तर कोपऱ्यात एक सिलिंडर उभा केला आहे, त्याचा काटा दर रविवारी पाहून लिहायचा. आज दीडशे आहे, म्हणजे पूर्ण भरलेला.

मी म्हटलं, पोरी, तुझ्या बापाने तीस वर्षं दर तासाला रीडिंग लिहिलं आहे. ती म्हणाली, म्हणून तर बिनघोर आहे अब्बू.

टॅब मला प्लांटच्या आठवणींचं पुस्तक लिहायला. पण मी आधी कागदावरच लिहिणार. प्लांट बंद पडला त्याच वर्षी मी निवृत्त झालो. तेव्हा कोरी रजिस्टरं भंगारात चालली होती, मी दहा उचलून आणली. त्यातल्याच एकात ही दैनंदिनी लिहितो आहे. वेळ, दाब, पाणी, तापमान, सही असे रकाने छापलेले आहेत. मी त्यांच्यावरून आडवं लिहितो.

९ नोव्हेंबर

पुस्तकाचं नाव ठरलं, ‘वाफेचे दिवस’. छापखान्याच्या प्रफुल्लला विचारलं, तो म्हणाला उन्हाळ्यापर्यंत द्या, छापून देतो. पहिलं प्रकरण झालं. राइस मिलमध्ये कोळसा ओढणाऱ्या पोरापासून बॉयलरच्या परीक्षेपर्यंत. नातेवाइकांत आमची हिंदी, घरात-बाजारात झाडीपट्टीची बोली आणि कागदावर शाळेतली मराठी, अशी माझी तीन पायांची शर्यत आहे. पण लिहिताना मजा येते.

रीडिंग आठला ९४, बाराला ९५, चारला ९४, आठला ९४. सगळी घड्याळाच्या ठोक्याला. निशातने अंगठा पाठवला.

पुस्तकात नियम लिहिला आहे, तो इथेही लिहितो. रजिस्टरमध्ये खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

२१ नोव्हेंबर

ही घंटी माझ्या लिखाणाच्या मुळावर आली आहे. वाक्य जुळून येतं न येतं तोच वाजते. उठा, चष्मा बदला, तिचा हात धरा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. परत येऊन बसलो की वाक्य गेलेलं.

आज बाराचं घेतलं तेव्हाच चारचंही भरून टाकलं. चालू मशीनचा आकडा तासा-दोन तासांत हलत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. प्लांटमध्येही सगळे असंच करायचे. शिफ्टच्या सुरुवातीला दोन-तीन तासांची रीडिंग एकदम लिहून ठेवायची आणि डबा उघडायचा. त्याला आम्ही ‘आगाऊ’ म्हणायचो. यात फसवणूक नव्हती, आकडे तेच निघायचे.

२ डिसेंबर

शमसूच्या चपला तिला घट्ट होऊ लागल्या आहेत. पट्ट्याचे वळ उमटतात. बाजारातून एक नंबर मोठ्या आणून दिल्या. पायात सरकल्या तशी म्हणाली, म्हातारपणी माणूस आखडते म्हणतात, मी तं वाढून राह्यली.

झोपते मात्र बसूनच. पाठीला तीन उशा लागतात. स्वयंपाकघरात जाणं तिने कमी केलं आहे, वरण-भात मीच लावतो. तिखट जास्त पडलं तरी काही बोलत नाही. पूर्वी अर्धी गल्ली ऐकेल एवढं बोलली असती. हल्ली वाक्यही पुरं करत नाही, मध्येच सोडून देते. माझ्या पुस्तकाचा राग असावा. दिवसभर नवरा कागदात तोंड घालून बसला तर कुठल्या बाईला आवडेल?

दोन प्रकरणं झाली.

१२ डिसेंबर

थंडी कडाक्याची आहे. सकाळी चिमटीने ८८ दाखवलं. हात बर्फासारखे, नखं निळसर. थंड बोटावर ही मशीनं खोटं बोलतात हे मला ठाऊक आहे. मी तिचे हात शेकले, चोळले, परत लावलं, ९०. परत चोळले, ९२. त्र्याण्णव लिहिलं.

दुपारी लाइन गेली. दोन तास सिलिंडरवर ठेवलं. निशातचा फोन आला, तिला म्हटलं काळजी नको, तुझा बाप आहे इथे.

१५ डिसेंबर, रविवार

सिलिंडर १५०. मधलं ‘कामगारांची होळी’ हे प्रकरण फार छान उतरलं आहे, मीच दोनदा वाचलं.

२४ डिसेंबर

दसरूचं प्रकरण आलं. ते टाळून पुस्तक होणार नाही, प्लांटमधला तो एकच मृत्यू. दसरू पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावचा गोंड माणूस, बॉयलरच्या तळाशी राख ओढायच्या कामावर. मला नूरभाऊ म्हणायचा आणि हंगामात मोहाची फुलं आणून द्यायचा.

लिहिलं ते असं. २३ मार्च २००३, रविवार. तीन वाजता मी बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेतलं पाणी पाहिलं, बरोबर होतं, तशी नोंद रजिस्टरला आहे. तीन वीसला पाणी संपून नळी फुटली आणि तळाच्या दारातून आग बाहेर आली. खाली दसरू होता. चौकशीत निघालं ते असं की तीनला पाणी बरोबर होतं, तेव्हा तीननंतर कोणीतरी पाणी सोडायचा खालचा व्हॉल्व्ह उघडला असणार, आणि खाली एकटा दसरूच होता. बिचाऱ्याची चूक त्याच्याच जिवावर बेतली.

चार ओळी होत्या. लिहायला चार दिवस लागले. का ते कळत नाही.

२७ डिसेंबर

शमसूला ते प्रकरण वाचून दाखवलं. एरवी ती ऐकता ऐकता डोळे मिटते. आज उघडे होते. संपल्यावर बराच वेळ श्वास जमवत राहिली. मला वाटलं, आवडलं.

म्हणाली, “तीनले तुमी माह्या समोर बसून होते.”

मी म्हटलं, काय बोलतेस?

“फायनल होती मॅचची. तुमी दोन वाजताच घरी आले. मी भजे तळले. प्लांटचा भोंगा वाजला तवा तुमच्या हातात भज्याची पलेट होती.”

बावीस वर्षांत या बाईने हा विषय एकदाही काढला नव्हता. मी म्हणालो, तुला औषधांनी भ्रम होतो आहे. तिने मान भिंतीकडे वळवली.

३० डिसेंबर

तीन दिवस आमचं बोलणं नाही. मी बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. ताट नेऊन ठेवतो, अर्धं परत येतं. कोणीतरी नमतं घ्यावं लागेल, पण दरवेळी मीच का?

रीडिंग मात्र एकही चुकलेलं नाही. ९४, ९४, ९३, ९४.

६ जानेवारी २०२५

या वहीला कोणी हात लावत नाही, म्हणून इथे लिहितो.

ती म्हणते ते खरं आहे. त्या दिवशी मी दीड वाजता दोनचं, तीनचं आणि चारचं रीडिंग लिहिलं. पाणी बरोबर, दाब बरोबर, सही. मग सायकल काढून घरी आलो. प्लांटमध्ये टीव्ही नव्हता, आणि चालू बॉयलर सोडून गेलेला मी काही पहिला नव्हतो. पाण्याचा पंप अडीचलाच बंद पडला असावा. काचेपुढे माणूस असता तर त्याला दिसलं असतं, आणि तो माणूस मी होतो. दसरूने व्हॉल्व्हला हातही लावला नव्हता.

भोंगा ऐकून धावलो, आणि पोचल्यावर पहिलं काम काय केलं असेल? रजिस्टर उघडलं आणि चारच्या ओळीवर रेघ मारली. तीनची तशीच ठेवली.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, दसरू प्यायला होता का? मी म्हणालो, सांगता येत नाही. फक्त एवढंच. तो प्यायचा नाही हे मला चांगलं माहीत होतं. कागदावर मात्र ‘बहुधा नशेत’ असं आलं आणि गावभर झालं. त्याची बायको मंगली धाकट्या पोराला कडेवर घेऊन गेटवर आली होती. मी आतल्या दाराने निघून गेलो.

मी भित्रा माणूस आहे. बावीस वर्षं झाकली मूठ ठेवली आणि सव्वा लाखाची समजत राहिलो.

७ जानेवारी

शमसूपाशी बसून कबूल केलं. ती म्हणाली, “मले सांगून काय होते? मले तं ठाऊकच होतं.” मग श्वास जमवून, “पुस्तक मागून लिवा. आधी तिले सांगून या.”

मी म्हटलं जाईन. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात थंडगार होता. घर एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं, मी चहा केला, तिनेही दोन घोट घेतले.

१४ जानेवारी

निशातचा फोन. महिन्याचा तक्ता तिने डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले आकडे उत्तम आहेत, या थंडीत म्हातारीला प्रवास कशाला, फेब्रुवारीत आणा. निशात खूश होती, म्हणाली अब्बू, तुमच्यामुळे. मीही खूश झालो. शमसूला सांगितलं तर ती नुसती हसली. बोलायला तिला हल्ली जड जातं, थंडीने घसा धरतो.

दसरूचं प्रकरण नव्याने लिहून काढलं. नऊ पानं. खरं लिहिलं. आता लेखणी कशी सरसर चालते आहे.

१९ जानेवारी, रविवार

सिलिंडर १५०.

जायचं जायचं म्हणताना बारा दिवस गेले. आधी गाडीची हवा, मग ढगाळ वातावरण, मग पानं साफ लिहायची होती. नाचता येईना अंगण वाकडं. शमसू रोज सकाळी फक्त भुवई उडवून विचारते. आज म्हणालो, बुधवारी नक्की.

२१ जानेवारी

फोनवर मेसेज आला आहे, उद्या दुरुस्तीसाठी लाइन बंद राहील. दर पंधरा दिवसांनी असा मेसेज येतो आणि लाइन काही जात नाही. गेली तरी सिलिंडर आहे. शमसूला चावी कशी फिरवायची ते दाखवलं. मी दोनच्या आत परत येईन.

२२ जानेवारी, बुधवार, सकाळी सव्वादहा

निघतो आहे. पानं पिशवीत घेतली. सकाळचं आधी ८९ आलं, हात चोळल्यावर ९१. ९३ लिहिलं. बारा, चार आणि आठचंही भरून ठेवलं. घंटी वाजली की तिला उगाच उठावं लागतं. ९४, ९४, ९३.

शमसूने दारापर्यंत यायचा प्रयत्न केला, मशीनची नळी पुरली नाही. तिथूनच म्हणाली, “आता बसून नका राहू तिथी. सांगा आन् या.”

२५ जानेवारी

ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने लिहितो.

मंगलीबाईचं गाव पोंभुर्ण्याहून आत, डांबरी सोडल्यावर कच्च्या रस्त्याने. साडेअकराला पोचलो. तिने मला ओळखलं. बाज टाकली, पाणी दिलं. तिचा मुलगा इसरू, तो कडेवरचा, आता पंचविशीचा झाला आहे, तो शेतावर होता. मी म्हटलं, प्लांटवर पुस्तक लिहितो आहे, दसरूबद्दल विचारायला आलो. ती दसरूबद्दल बोलू लागली. तो गाणी कशी म्हणायचा, मोहाच्या दिवसांत पहाटे कसा निघायचा. मध्येच थांबून म्हणाली, “काही बोलाचं हाय का भाऊ? तुमी पिशवीले हात लावता आन् काढून घेता.”

मी म्हणालो, नाही, काही नाही.

मग ती जेवून जा म्हणाली. इसरू येईपर्यंत थांबा म्हणाली. मला ते बरंच वाटलं. वाटलं, जेवणानंतर सांगतो. भात आणि लाखोळीची भाजी जेवलो. मग वाटलं, इसरू आला की दोघांना एकदमच सांगतो. तो आला तर त्याच्या तोंडावर कसं सांगायचं ते सुचेना. साडेतीन वाजले. शमसूच्या खोकल्याचं मी बोलता बोलता बोललो होतो, तर मंगलीबाईने उठून फडक्यात बेहडा बांधून दिला. सालं दाढेखाली धरायला सांगा म्हणाली. सांगायचं होतं ते तसंच ठेवून तो बेहडा घेऊन निघालो.

तिच्या गावात फोन लागत नाही. पोंभुर्ण्यात रेंज आल्यावर खिशात फोन टिंग टिंग वाजला. शमसूचे तीन फोन. बारा पन्नास, एक दहा आणि एक पंचवीस. मी उलट फोन लावला, तिने उचलला नाही. वाटलं, झोपली असेल.

पाच वाजता घरी पोचलो. घरात मशीनचा आवाज नव्हता. लाइन साडेबारालाच गेली होती, मी आत शिरलो तेव्हाही आलेली नव्हती. शमसू कोपऱ्यात सिलिंडरपाशी जमिनीवर बसलेली होती, भिंतीला टेकून. मास्क तोंडावर नीट लावलेला होता. चावी पूर्ण फिरवलेली होती. काटा शून्यावर होता.

१२ डिसेंबरला दोन तास वापरलेला सिलिंडर. चावी नीट घट्ट झाली नसेल, हळूहळू रिकामा होत गेला असेल. मी दर रविवारी दीडशे लिहिलं. त्या काट्याकडे मी महिनाभर पाहिलंच नव्हतं.

नवी चप्पल एका पायात होती.

निशात सातपर्यंत पोचली. तिने आईला गुसल दिलं, म्हणजे शेवटची आंघोळ घातली. रात्री दफन झालं. मी माती दिली.

आज जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या दुवेला, आलेल्यांत कोणीतरी विचारलं, एवढं अचानक कसं? शेजारच्या बाई म्हणाल्या, काकूंना त्या नळीचा कंटाळा होता, त्यांनीच काढून ठेवली असेल आणि मग उशीर झाला. सगळ्यांना ते पटलं. तीन-चार माना माझ्याकडे वळल्या.

मी म्हणालो, सांगता येत नाही.

२६ जानेवारी

पाहुणे गेले. शहबाज बाहेर गाडी पुसत होता. निशात आईच्या पलंगावर टॅब घेऊन बसली होती. मी समोर जाऊन बसलो.

ती म्हणाली, चारला तिने आईला फोन केला होता. उचलला नाही म्हणून तक्ता पाहिला. चौऱ्याण्णव होतं. आई झोपली असेल समजून ती कामाला लागली. हे ती सावकाश सांगत होती, मला समजावून सांगितल्यासारखं. मग तिने टॅब माझ्याकडे फिरवला.

“अब्बू, आठले बी त्र्याण्णव हाय. आठले तं मी अम्मीले गुसल देऊन राह्यली होती.”

मी तिला सांगितलं. सकाळी चारही लिहून गेलो होतो. त्या दिवशीच नाही, नोव्हेंबरपासून. बोटं चोळून आकडा वाढवायचो आणि त्यातही भर घालून लिहायचो. सिलिंडरचंही सांगितलं. शेजारच्या बाई बोलल्या ते खोटं आहे आणि मला ते माहीत होतं, हेही सांगितलं.

तिने टॅब बाजूला ठेवला. विचारलं, “नव्वदच्या खाली कधी गेलं होतं पहिल्यांदा?” मी म्हटलं बारा डिसेंबर. तिने बोटांवर मोजलं. एक्केचाळीस दिवस. मग उठून ती आईचे कपडे घडी करू लागली. मी हात लावायला गेलो तर तिने घडी माझ्या हातातून काढून घेतली.

संध्याकाळी ते ऊर्जानगरला परत गेले.

९ फेब्रुवारी

टॅबची घंटी रोज चारदा वाजते. बंद कशी करायची ते मला येत नाही. निशातला फोन करून विचारायची हिंमत होत नाही. शमसूशिवाय या घरात मला काहीच येत नाही, खरं तर तिच्यासोबतही येत नव्हतं, तीच चालवून घेत होती. तिची फार आठवण येते. तिचं बोलणं तुटत होतं तेव्हा मला वाटायचं ती रागावली आहे. ती श्वास शोधत होती.

प्रफुल्लने पुस्तकाचं विचारलं. मी म्हटलं नाही देत.

तक्त्यातलं त्या दिवशीचं त्र्याण्णव पुसता येतं, मी बोट ठेवून पाहिलं. पुसलं नाही. टॅबवर रेघ मारून सही करता येत नाही.

२० फेब्रुवारी

आज मंगलीबाईकडे गेलो. अंगणात लाखोळीच्या शेंगा झोडत होती. मला पाहून हात थांबवले आणि आधी हेच विचारलं, “बाईचा खोकला कसा हाय? बेहडा देल्ला का?”

मी म्हणालो, ती गेली, त्याच दिवशी, मी इथे होतो तेव्हा.

ती हातातली काठी ठेवून खाली बसली. मी उभाच राहिलो. बसलो तर पुन्हा पाणी येईल, जेवण येईल, हे मला कळत होतं. उभ्यानेच सांगितलं. दीड वाजता लिहिलेलं तीनचं रीडिंग, मॅच, भजी, बंद पडलेला पंप, चौकशीत मी दिलेलं उत्तर. पानं पिशवीतच राहिली.

तिने एकच विचारलं, “तो पेला नव्हता ना?”

नव्हता, मी म्हणालो. कधीच नाही. व्हॉल्व्हलाही हात लावला नव्हता.

तिने इसरूला मागच्या अंगणातून हाक मारली. तो आला तसं मला म्हणाली, आता याले सांगा. मी परत सांगितलं.  लग्नाच्या बोलणीत दोन ठिकाणी इसरूला बापाच्या दारूवरून नाकारलं होतं, हे मंगलीबाईने मला त्या दिवशी जेवताना सांगितलं होतं आणि मी भात कालवत होतो. मी म्हटलं, गावात म्हणशील तिथे येऊन सांगतो, लिहून सही करून देतो. तो म्हणाला, पाहू. आणि आत गेला.

मी गाडीकडे वळलो. मंगलीबाई फाटकापर्यंत आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरोखरच न समजल्यासारखं तिने विचारलं.

“भाऊ, त्या दिवशी हेच सांगाले आलते ना तुमी? मंग आल्याबरोबर काऊन नाई सांगितलं? सांगून लगेच निंगाले असते तं बाई भेटली असती.”

मी गाडी सुरू केली. घरी येऊन घड्याळाच्या हिशोबाने मांडून पाहिलं, तेवढंच मला येतं. आज सगळं सांगायला अकरा मिनिटं लागली. त्या दिवशी मी साडेअकराला पोचलो होतो. पावणेबाराला निघालो असतो तर सव्वा तासात घरी.

म्हणजे एक वाजता. तिचा शेवटचा फोन एक पंचवीसचा आहे.